हवेच्या नावावर खपलेला खोकला

कोकणात दमेकऱ्याचं वर्ष धुराने सुरू होतं. शिमग्याचे होम विझतात न विझतात तोच भाजावळ येते. भाताची रोपं जिथे करायची त्या जागेवर शेण, कवळं, पातेरा पसरून पेटवतात, आणि संध्याकाळी वारा पडला की तो धूर वाडीवर उतरून बसतो. मग मिरगाचा पहिला पाऊस. तापलेल्या मातीचा वास सगळ्यांना हवाहवासा वाटतो, पण ज्याची छाती हळवी आहे त्याला त्याच रात्री उठून बसावं लागतं. आषाढ-श्रावणात भिंतींना ओल धरते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, कोपऱ्यात ठेवलेल्या चपलांवर बुरशी चढते. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे हे चुकत नाही. गणपतीच्या आधी पोटमाळा झाडायला काढतात, तेव्हा वर्षभराची धूळ एका सकाळी खाली येते. दसऱ्याच्या सुमारास झोडणीचा भुसा, थंडीत मोहरावरच्या फवारण्या. बाराही महिने काही ना काही असतं, आणि कुणी खोकलं की ओटीवरून एकच वाक्य ऐकू येतं: हवा बदलली.

हे वाक्य खोटं नाही, म्हणूनच मला त्याची काळजी वाटते.

आमच्या घरात दमा तीन पिढ्यांचा. आजी रात्री पडवीत गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून बसायची. तिच्या छातीतली घरघर माजघरापर्यंत ऐकू यायची. तिच्या वेळी अडुळशाचा काढा होता, आलं-मध होतं, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून एकदा मृगाच्या दिवशी हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळून येणंही झालं. माझ्या वेळी पंप आला. पण औषध येण्याआधीच घर शहाणं झालं होतं. चूल मागच्या पडवीत गेली, गोधड्या उन्हात पडू लागल्या, पोटमाळा झाडताना मला शेजारच्या वाडीत पाठवायचे. उदबत्ती कुठे लावायची आणि कुठे नाही, हे आमच्या घरातल्या लहान मुलालाही कळतं. धुराला ओळखणारं नाक या घराला आहे. व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, बाबतीत नेमकं तेच नाक कामाला येत नाही.

माझा भाचा मुंबईत शिकतो. लहानपणापासून दम्याचा, पण औषधाने छान आटोक्यात असलेला. गेल्या गणपतीत आला तो खोकतच. आईने पोटमाळ्याला दोष दिला, भावाने रेल्वेतल्या गर्दीला, आणि शेजारच्या काकी म्हणाल्या, मुंबईची हवा सोडून इकडच्या दमट हवेत आला की दोन दिवस असं व्हायचंच. रात्री आरती झाल्यावर मी खळ्यात गेले तर तो कठड्यावर बसला होता आणि हवेत आंब्याचा वास होता. भाद्रपदात आंब्याचा वास! हातात बोटाएवढी रंगीत कांडी. त्याने ती लपवलीही नाही.

“आत्या, ही सिगारेट नाही गं. धूर नाही यात, नुसती वाफ आहे. तू वाफारा घेतेस ना, तसंच. आणि हिने उलट छाती मोकळी होते माझी.”

मला ओरडता आलं नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. सिगारेटला त्याने आयुष्यात हात लावलेला नाही, आजीच्या गोष्टी ऐकत वाढलेला मुलगा तो. जे घर धुरापासून मुलाला जपतं त्याच घरातल्या मुलाला ही वस्तू धूर नाही म्हणून सुरक्षित वाटली. गेल्या वर्षभरात मी याबद्दल जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि स्वतःच्या छातीवरून समजून घेतलं, ते दमा असलेल्या प्रत्येक घरापर्यंत पोहोचावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्या कांडीत काय असतं ते. वाफाऱ्याच्या भांड्यात पाणी असतं. व्हेपमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे दोन दाट, गोडसर द्रव असतात, त्यात बहुतेक वेळा निकोटीन आणि वासासाठी रसायनं. बॅटरीवर एक बारीक तार तापते, तो द्रव उडतो आणि थंड होताना त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात. पांढरं दिसतं ते या थेंबांचं. ते इतके बारीक असतात की श्वासनलिकांच्या शेवटच्या फांद्यांपर्यंत जातात. तार जास्त तापली की त्या द्रवातून फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलीनसारखे झोंबणारे वायू तयार होतात, तारेतल्या निकेल-क्रोमियमचे कणही त्यात उतरतात. वासाची रसायनं खाण्यासाठी चालतात, हे खरं आहे. पोटात गेलेला पदार्थ आणि फुप्फुसात ओढलेला पदार्थ यांची शरीर सारखी व्यवस्था लावत नाही, एवढंच विकणारा सांगत नाही.

यातलं ग्लायकॉल आपल्याला अगदीच अनोळखी नाही. गणपतीत नमन-जाखडीच्या स्टेजवर किंवा ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात जो पांढरा धूर सोडतात, त्याच्या यंत्रातही बऱ्याचदा ग्लायकॉलच असतं. पुढच्या रांगेतली दम्याची पोरं त्या वेळी खोकू लागतात, हे मी किती वर्षं पाहते आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात संशोधकांनी नाटक-सिनेमाच्या स्टेजवर असल्या धुरात काम करणाऱ्यांची तपासणी केली होती. जे असल्या धुरात जास्त राहिले होते त्यांना छातीत आवळल्यासारखं होणं, घरघर होणं जास्त होतं आणि यंत्राच्या अगदी जवळ काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांची ताकद कमी भरली. ते लोक धुराच्या शेजारी उभे होते. व्हेप ओढणारा तोच पदार्थ तोंड लावून थेट आत घेतो.

दम्याची छाती वेगळी असते ती का, हेही नीट सांगायला हवं. धाप लागलेली नसते तेव्हा दमा नाहीसा झालेला नसतो. श्वासनलिकांचं आतलं अस्तर बारा महिने थोडं सुजलेलं असतं, त्यांच्याभोवतीचे स्नायू लहानशा कारणानेही आखडतात आणि आत चिकट कफ जास्त तयार होतो. दुसऱ्याला ज्या गोष्टीने घसा नुसता खवखवेल, तिने आमच्या नळ्या आवळतात. म्हणून मित्रमंडळींत चारजण तीच कांडी ओढतात, तिघांना काही होत नाही आणि चौथा रात्री पंप शोधतो. तिघांना काही झालं नाही यावरून चौथ्याने काही ठरवू नये.

आता त्याच्या ‘छाती मोकळी होते’ या वाक्याकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे.

या कांड्यांत बहुतेक स्वादांना ‘आइस’ जोडलेलं असतं. आंबा आइस, कलिंगड आइस. तो थंडावा मेंथॉलचा, म्हणजे आपल्या पुदिन्याच्या अर्काचा, किंवा त्याच जातीच्या कृत्रिम रसायनांचा. नाकात आणि घशात थंडी ओळखणाऱ्या नसा असतात. मेंथॉल त्यांना चेतवतं आणि मेंदूला वाटतं की भरपूर थंड हवा आत येते आहे. सर्दीत छातीला बाम चोळल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ते याचमुळे. नळी मात्र पूर्वी होती तेवढीच अरुंद असते. निरोगी माणसाला या भासाने फारसं बिघडत नाही. दमेकऱ्याचं सारं आयुष्य छाती कधी आवळते आहे हे वेळीच ओळखण्यावर चालतं. आजीला ढग दिसायच्या आधी कळायचं. मलाही गळ्याच्या खाली एक विशिष्ट घट्टपणा जाणवला की मी जिना चढायचा थांबते आणि पंप हाताशी घेते. व्हेप नळ्यांना डिवचतं आणि त्यातलं मेंथॉल डिवचल्याची जाणीव झाकतं. हे दोन्ही एकाच दमात होतं.

आमच्याकडे पीक फ्लो मीटर आहे. ज्यांच्या घरी दमा आहे त्यांनी ते घ्यावंच. काहीशे रुपयांची प्लास्टिकची नळी असते, जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि हवा किती वेगाने बाहेर पडते ते कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा विहिरीकडून आला, एकदम बरं वाटतंय म्हणाला. आंब्याचा वास येतच होता. म्हटलं, फुंक. त्याने फुंकलं. काटा त्याच्या नेहमीच्या आकड्याच्या बराच खाली थांबला. त्याने पुन्हा फुंकलं, उभं राहून, पूर्ण श्वास भरून. तरी तेवढाच. मग निळा पंप, म्हणजे आवळलेल्या नळ्या लगेच सैल करणारा, घेतला, पंधराएक मिनिटं आम्ही दोघंही काही न बोलता बसलो आणि परत फुंकलं तेव्हा काटा वर गेला. बरं वाटत असताना नळ्या आवळलेल्या होत्या, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. एरवी मी तासभर समजावलं असतं तरी त्याने मान डोलावून सोडून दिलं असतं.

कफाचीही एक गोष्ट आहे. श्वासनलिकांच्या अस्तरावर केसांसारखे बारीक तंतू असतात. ते सतत एका दिशेने हलत कफ, धूळ, बुरशीचे कण वर ढकलत असतात. आमच्यासारख्या ओल्या हवेत राहणाऱ्यांना तर त्यांचाच आधार. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशींवर आणि मेंढ्यांवर निकोटीनच्या व्हेपचा परिणाम पाहिला होता. कफ घट्ट झाला आणि तो वर सरकण्याचा वेग मंदावला. ज्याच्या छातीत आधीच कफ जास्त आहे त्याच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते आजीने तासन् तास खोकून काढलेल्या रात्री मला आठवतात तेव्हा सांगावं लागत नाही. दालचिनीच्या स्वादातलं सिनॅमाल्डिहाइड या तंतूंची हालचाल मंद करतं, असंही प्रयोगशाळेत दिसलं आहे. आपण दालचिनी औषध म्हणून काढ्यात घालतो, त्यामुळे हे वाचताना मला फार वाईट वाटलं होतं.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१८ साली तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. व्हेप ओढणाऱ्या किशोरवयीन मुलांत खोकला आणि घरघर वाढते, दम्याचे झटकेही वाढतात, याला त्यांनी मध्यम दर्जाचा पुरावा म्हटलं. शास्त्रज्ञ शब्द जपून वापरतात, आणि २०१८मध्ये ही वस्तू बाजारात येऊन फार वर्षं झाली नव्हती. आजच्या रूपातली ई-सिगारेट चीनमधले औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३च्या सुमारास बनवली. फ्लोरिडातल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. दमा असलेल्या ज्या मुलांच्या आसपास दुसरं कुणी व्हेप ओढत होतं, त्यांनाही दम्याचे झटके जास्त आले होते. आपल्याकडे गणपतीत एका घरात पाहुण्यांसकट वीस-पंचवीस माणसं झोपतात. भजनाला बसलेल्यांत कुणालातरी दमा असतोच. सिगारेट ओढायला माणूस लाजेने तरी गोठ्यामागे जातो. व्हेप लोक पांघरुणात ओढतात.

२०१९च्या पावसाळ्यात अमेरिकेतून व्हेप ओढणाऱ्या तरुणांच्या फुप्फुसांना अचानक गंभीर इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. फेब्रुवारी २०२०पर्यंत तिथे २८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यांतले ६८ मृत्यू. त्यातले बहुतेक जण गांजातल्या घटकाचं तेल ओढत होते आणि त्या तेलात मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटशी त्या आजाराचा घट्ट संबंध सापडला. ते प्रकरण वेगळं आहे, दम्याशी त्याची गल्लत करू नये. पण ते वेगळं होतं म्हणून बाकीचं निर्धोक, असा जो अर्थ मुलं काढतात तोही चुकीचा.

दुसरी बाजूही सांगते, कारण भाच्याने ती माझ्यासमोर ठेवली होती आणि तो चुकीचं सांगत नव्हता. इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना ती सोडायला व्हेपचा आधार घ्यायला सांगतात, आणि त्याचा उपयोग होतो असे अभ्यास आहेत. इटलीत कातानियाच्या संशोधकांनी अगदी थोड्या दमेकरी धूम्रपान करणाऱ्यांवर पाहिलं, सिगारेट सोडून व्हेपवर आल्यावर त्यांचा दमा काहीसा सुधारला. मी हे मान्य करते. पण तिथे तुलना जळत्या तंबाखूशी आहे. ज्याने तंबाखू कधी ओढलीच नाही त्या एकोणीस-वीस वर्षांच्या दम्याच्या मुलाची तुलना स्वच्छ हवेशीच करायला हवी.

शिवाय तिथे या द्रवात किती निकोटीन असावं यावर मर्यादा आहे. युरोपात मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. आपल्याकडे सप्टेंबर २०१९च्या वटहुकमाने आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळ्याला बंदी आहे. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं यांच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ही बंदी मला योग्यच वाटते. तरी मुंबईत कुठल्या टपरीवर मागितलं की मिळतं हे कॉलेजच्या मुलांना पाठ असतं, आणि चोरट्या वाटेने आलेल्या कांडीच्या वेष्टनावर काय छापलंय याची खात्री कोण देणार? नव्या कांड्यांत निकोटीन क्षाराच्या रूपात घालतात. त्यामुळे ते घशाला लागत नाही आणि नवखा मुलगाही भरपूर निकोटीन सहज ओढतो. घशाला ठसका लागला असता तर दम्याच्या मुलाने पहिल्याच दिवशी ती कांडी फेकून दिली असती.

आणि मग पंप. आपल्याकडे पंपाची भीती आहे. सवय लागते, मुलीचं लग्न ठरत नाही, शेवटचं औषध आहे, असं काय काय मी ऐकत आले. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. सूज उतरवणारा स्टिरॉइडचा पंप रोज घ्यावा लागतो आणि तो फार थोडे लोक घेतात. निळा पंप मात्र लागेल तसा ओढतात. निळ्याने स्नायू सैल पडतात, सूज तशीच राहते. भाच्याचं तेच झालं होतं. आइसने बरं वाटायचं म्हणून रोजचा पंप सुटला, रात्री आवळायला लागलं की निळा, सकाळी पुन्हा कांडी. डॉक्टरांकडे तो गेला होता. त्यांनी विचारलं, सिगारेट ओढतोस का? तो नाही म्हणाला, आणि ते खरंच होतं. मग डॉक्टरांनीही हवेचंच नाव घेतलं आणि गोळ्या वाढवल्या.

म्हणून माझं आईबापांना आणि गावच्या डॉक्टरांनाही सांगणं आहे की प्रश्न नाव घेऊन विचारा. व्हेप ओढतोस का, तुझ्या खोलीत दुसरं कुणी ओढतं का, त्यात आइस असतं का, निळा पंप आठवड्यात कितीदा लागतो. आवाज न चढवता विचारा. दम्याच्या मुलाला एकदा का लपवायची सवय लागली, की तो झटका आल्यावरही उशिरा सांगतो, आणि या आजारात उशीर जिवावर बेतू शकतो. सोडताना एकट्याने झगडायची गरज नाही. निकोटीनची तलफ खरी असते. चिडचिड, झोप न लागणं हे होतंच. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचा च्युइंगम किंवा पट्टी घेता येते. सरकारची १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची मोफत फोनसेवा आहे. आणि ते चालू असताना रोजचा पंप एक दिवसही बंद करायचा नाही.

भाच्याने विसर्जनानंतर मुंबईला गेल्यावर डॉक्टरांना सगळं सांगितलं. कांडी दाखवलीसुद्धा. रोजचा पंप पुन्हा सुरू झाला, पीक फ्लोचे आकडे तो मला मोबाइलवर पाठवतो. मध्ये परीक्षेत पुन्हा ओढली, तेही त्यानेच कळवलं. आता त्याच्या खोलीतला दुसरा मुलगा, देवगडकडचा, रात्री खोकतो म्हणून त्याने त्यालाही फुंकायला लावलं. “काटा माझ्यापेक्षा खाली होता, आत्या,” फोनवर सांगत होता. “तो म्हणतो, मुंबईची हवाच वाईट. मी त्याला घेऊन शनिवारी डॉक्टरांकडे चाललोय.”